सुमे, मापं सगळ्यात शेवटी

ईस्ट लॅन्सिंग, मिशिगन

प्रिय सुमे,

तुझा निरोप ऐकला. "त्या चॉकलेट-मिंट कुकीजची नुसती मापं पाठव, बाकी मी बघते." या 'बाकी मी बघते'चीच मला धास्ती आहे. तुझं बाकी बघणं मी शाळेपासून पाहत आलेय. कृतीत साखर असली की तू गूळ घालणार, मैदा असला की कणीक, लोणी असलं की डब्यात उरलेलं तूप, आणि पदार्थ बसला की "कृतीच धड नव्हती" म्हणून मोकळी होणार. तेव्हा मापं मिळतील, पण पत्राच्या शेवटी. आधी कारणं वाच. कशानं काय होतं ते एकदा कळलं की मग खुशाल हवं ते बदल, मी एक अक्षर बोलणार नाही. (बोलेन, पण साताऱ्यात ऐकू येणार नाही.)

इथे सध्या या कुकीजचाच मोसम चालू आहे. जानेवारी लागला की सुपरमार्केटच्या दारात घडीची टेबलं मांडून गर्ल स्काउटच्या मुली उभ्या राहतात. बाहेर पारा शून्याच्या खाली, कानटोपी आणि मफलरच्या मधून लाल झालेलं नाक तेवढं दिसतं. मागे एखादी आई गाडीच्या किल्ल्या मुठीत धरून कुडकुडत असते, पण हिशोब मुलीच करतात. सुटे परत देणं, पाकिटं मोजणं, 'नको' म्हणून निघालेल्या माणसालाही हसून थँक यू म्हणणं. आपली शाळेतली 'खरी कमाई' आठवते? गाइडच्या निळ्या फ्रॉकमध्ये आपण घरोघर जाऊन "काकू, काही काम आहे का?" विचारायचो आणि काकू कीव येऊन शेंगा सोलायला बसवायच्या. तोच प्रकार, फक्त इथे त्याचा केवढा तरी मोठा कारभार झालाय. दर मोसमाला सुमारे वीस कोटी पाकिटं विकली जातात असं सांगतात. त्यात सगळ्यात जास्त खपते ती 'थिन मिंट' नावाची कुकी: पातळ, काळी, कुरकुरीत, वरून चॉकलेटचं आवरण आणि तोंडात गेल्यावर गारवा. तुला मी जी पाठवली होती ती घरची, पण ती याच कुळातली.

गंमत म्हणजे सुरुवात घरच्या भट्टीनंच झाली. १९१७ साली ओक्लाहोमातल्या मस्कोगी गावच्या एका पथकानं कुकीज भाजून शाळेच्या कॅफेटेरियात विकल्या, ही या विक्रीची पहिली नोंद. मग १९२२ मध्ये शिकागोच्या फ्लॉरेन्स नील यांनी संस्थेच्या 'अमेरिकन गर्ल' मासिकात एका साध्या साखरेच्या कुकीची कृती छापली. मला त्या बाई फार आवडतात, कारण त्यांनी कृतीबरोबर हिशोबही दिला: सहा-सात डझन कुकीजच्या सामानाला २६ ते ३६ सेंट खर्च, आणि विकायच्या डझनाला २५-३० सेंटनी. म्हणजे सामानाचा खर्च जवळजवळ पहिल्या दीड डझनातच वसूल. आपल्याकडच्या कुठल्या पाककृतीच्या पुस्तकात नफ्याचं गणित दिलेलं बघितलंयस? पुढे १९३०च्या दशकात काम बेकऱ्यांकडे गेलं. दुसऱ्या महायुद्धात लोणी, साखर, मैदा सगळ्याचीच टंचाई, तेव्हा या मुलींनी कुकीजऐवजी कॅलेंडरं विकली. आणि १९५१ पर्यंत जे तीन प्रकार पक्के झाले होते त्यात ही चॉकलेट-मिंट होती. तिथून ती हललेली नाही.

मग विकतची एवढी मिळत असताना घरी कशाला करतेस, असं तुझे हे विचारतीलच. एक तर मोसम संपला की ती मिळत नाही. आणि दुसरं, विकतच्या पाकिटावरचं बारीक अक्षर वाचलंस तर त्यात लोणी नाही, कोकोबटर नाही. पाम आणि पाम कर्नल तेल आहे. (त्यामुळे ती दुधाविना आहे आणि इथल्या व्हीगन मंडळींना चालते, ही त्यातली चांगली बाजू.) या पाम तेलावरून इथे आमच्याच मिशिगनमध्ये मोठं प्रकरण झालं होतं. अॅन आर्बरच्या दोन शाळकरी मुली, स्वतः गर्ल स्काउट, २००७ मध्ये ऑरंगउटानवर प्रकल्प करायला बसल्या. पामच्या लागवडीसाठी त्यांची जंगलं तुटतात असं वाचता वाचता लक्षात आलं की आपण विकतो त्या कुकीजमध्येही तेच तेल आहे. झालं, त्यांनी विकणंच थांबवलं आणि संस्थेच्या मागे लागल्या. वर्षानुवर्षं लागल्या. शेवटी २०११ मध्ये संस्थेला पाम तेलाबद्दलचं धोरण जाहीर करावं लागलं. तेल काही गेलं नाही, पण शाळेतल्या पोरींनी एवढ्या मोठ्या संस्थेला उत्तर द्यायला लावलं हे मला त्या कुकीपेक्षाही जास्त आवडलं.

आता पुदिन्याकडे येते. मला पक्कं माहितेय की तुझ्या गॅलरीतल्या कुंडीत पुदिना माजलाय आणि तू तोच वाटून घालायच्या बेतात आहेस. नको घालूस. हिरव्या पाण्यानं पीठ चिकट होईल ते वेगळंच, पण मुळात तो पुदिना हा नव्हे. आपला चटणीतला पुदिना इथे स्पिअरमिंट म्हणून ओळखतात. त्याच्या वासाचा मुख्य रेणू कार्व्होन. त्यानं पोटाला बरं वाटतं, चटणीला चव येते, पण गार काही वाटत नाही. आणि एक मजा सांगू? याच कार्व्होनचं आरशात पाहिल्यासारखं उलटं रूप बाळंतशेपात असतं. अणू तेवढेच, जोडणीही तीच, नुसती दिशा उलटी, आणि नाकाला मात्र एकाचा वास पाणीपुरीच्या गाड्याकडे नेतो, दुसऱ्याचा बाळंतिणीच्या खोलीकडे.

गारवा येतो मेंथॉलनं, आणि ते भरपूर असतं पेपरमिंटमध्ये. पेपरमिंट म्हणजे आपला पुदिना आणि पाणथळीतला एक रानपुदिना यांचा संकर. त्याला बी धरत नाही. जमिनीलगत धावणारे धुमारे तोडून लावायचे. लंडनच्या दक्षिण भागात मिचम आहे, तिथल्या पेपरमिंटचं एके काळी नाव एवढं की आजही इथे ज्या जाती लावतात त्यांच्या नावात 'मिचम' असतंच.

आणि हे मी कुठे बसून लिहितेय? मिशिगनमध्ये! एके काळी जगातलं बहुतेक पुदिन्याचं तेल याच राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून, कॅलमझू शहराच्या आसपासच्या भागातून जायचं. तिथला अल्बर्ट टॉड या धंद्यात एवढा मोठा झाला की लोक त्याला 'पेपरमिंट किंग' म्हणायचे. १८९७ ते १८९९ तो काँग्रेसमध्येही बसून आला. पुढे मुळांना मर रोग लागला. ती बुरशी एकदा जमिनीत शिरली की निघत नाही, त्यामुळे शेती हळूहळू इंडियाना, ओरेगन, वॉशिंग्टनकडे सरकली. रोगाला दाद न देणारी जात काढायची तर संकर करावा लागतो, आणि संकराला बी लागतं, तेच तर इथे नाही. मग टॉडच्या कंपनीनं १९५०च्या दशकात न्यूयॉर्कजवळच्या ब्रूकहेवनच्या अणुप्रयोगशाळेत धुमाऱ्यांवर किरणोत्सर्गाचा मारा करवला, हजारो रोपं रोगट जमिनीत लावून पाहिली आणि तगलेल्यांतून १९७१ मध्ये 'टॉड्स मिचम' नावाची जात बाहेर काढली. टूथपेस्टच्या मागे अणुभट्टी असेल असं वाटलं होतं का कधी?

थोडीफार शेती अजून इथेही आहे. आमच्याकडून उत्तरेला अर्ध्या तासावर सेंट जॉन्स नावाचं गाव स्वतःला पुदिन्याचं शहर म्हणवतं आणि ऑगस्टमध्ये पुदिन्याची जत्रा भरवतं. जमीन काळी, भुसभुशीत, पूर्वीच्या दलदलीची. उन्हाळ्यात पीक गवतासारखं कापतात, शेतातच थोडं सुकू देतात, मग त्याचा चुरा बंद गाडीत भरतात आणि त्या गाडीतच खालून वाफ सोडतात. वाफ तेल घेऊन बाहेर पडते, थंड केली की पाणी खाली, तेल वर. एका एकराच्या पिकातून तीस-चाळीस किलो तेल निघालं तरी शेतकरी खूश. त्यातलं बहुतेक टूथपेस्ट आणि च्युइंगगममध्ये जातं. माझ्यासारखीच्या कुकीला लागतात दोन-तीन थेंब.

पण अमेरिकेचं कौतुक पुरे. मेंथॉलच्या बाबतीत आज जग आपल्याकडे बघतं. उत्तर प्रदेशात बाराबंकी, संभल, रामपूर या पट्ट्यात मेंथा नावाचा जपानी कुळातला पुदिना लावतात. रब्बीनंतर लावायचा, पावसाआधी काढायचा, शेताच्या कडेलाच टाकीत उकळून तेल काढायचं. लखनौच्या 'सीमॅप' संस्थेनं त्याच्या एकेक जाती काढून दिल्या. जगातलं बहुतांश नैसर्गिक मेंथॉल तिथून येतं, आणि मुंबईच्या एमसीएक्स बाजारात सोन्या-चांदीबरोबर या तेलाचेही वायदे होतात. ते तेल खूप थंड केलं की मेंथॉलचे सुईसारखे लांब खडे जमतात. तेच आपलं पेपरमिंटचं फूल.

ते तुझ्या घरात नक्की आहे. तुझ्या सासूबाईंची अमृतधारेची बाटली! पेपरमिंटचं फूल, ओव्याचं फूल आणि भीमसेनी कापूर, तिन्ही कोरडे खडे, बाटलीत एकत्र घालून ठेवले की आपोआप पाणी होतं. लहानपणी मला ती जादू वाटायची. जादू बिदू नाही, मिसळल्यावर तिघांचाही वितळायचा बिंदू खाली येतो एवढंच. पण सुमे, हात जोडून सांगते, ती बाटली कुकीत घालू नकोस. नुसतं पेपरमिंटचं फूलही नको. त्यात गारवा आहे, पण पेपरमिंटच्या तेलातला गोडसर, हिरवा, भरलेला वास नाही; शिवाय जरा जास्त झालं तर जीभ बधिर होते आणि खाणाऱ्याला वाटतं आपण दाढ काढून घ्यायला आलोय.

हा गारवा येतो कुठून, हे मला पोरांच्या एका पुस्तकात सापडलं आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगत सुटलेय. आपल्या जिभेच्या आणि कातडीच्या नसांमध्ये थंडी ओळखणारी दारं असतात, साधारण २६-२७ अंशांच्या खाली गेलं की उघडणारी. मेंथॉल त्याच दारात जाऊन बसतं आणि ते उगीचच उघडतं. तोंडाचं तापमान काडीइतकंही उतरत नाही; मेंदूला मात्र वर्दी जाते, थंडी आली. मिरचीचं नेमकं उलट: तिच्यातलं कॅप्सेसिन उष्णता ओळखणारं दार उघडतं, म्हणून ठेचा गार असला तरी भाजतो. ही दोन्ही दारं शोधण्यात डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांचा वाटा मोठा, २०२१ चं वैद्यकाचं नोबेल या दोघांना मिळालं. ज्युलियसनं मिरची आणि मेंथॉल दोन्ही घेऊनच काम केलं. नोबेल मिळवायचं सामान तुझ्या फ्रीजमध्ये पडून आहे बघ.

याचा स्वयंपाकघरात उपयोग असा: मेंथॉलनं ते दार आधीच किलकिलं केलेलं असतं, त्यामुळे वर खरीखुरी थंडी मिळाली की ते धाडकन उघडतं. पेपरमिंटची गोळी चघळून पाणी प्यायलं की बर्फ गिळल्यासारखं होतं ते याचमुळे. इथले लोक थिन मिंटचं पाकीट फ्रीझरमध्ये ठेवतात आणि तिथूनच उभ्या उभ्या खातात. मला आधी तो चावटपणा वाटायचा, पण त्यांचं बरोबर आहे. म्हणजे कुकी गार खायची असेल तर पेपरमिंट कमी घाल. तू नेहमी म्हणतेस ना, चव लागायला हवी! लागते गं. दुसऱ्या कुकीला लागते. पहिलीलाच भपकन लागली तर समज जास्त झालंय, तिसरी कोणी खाणार नाही.

आता पीठ. हे मुळात आपल्या नानकटाईच्याच नात्यातलं आहे. मेच्या सुट्टीत रवा-मैदा-तूप-साखर डब्यात घालून बेकरीत द्यायला जायचो, आणि संध्याकाळी पत्र्याच्या ट्रेवर आपलं नाव लिहिलेल्या चिठ्ठीसकट घरी आणायचो, आणि ट्रे बदलला असणार, आपल्या अशा पिवळ्या नव्हत्याच, म्हणून तुझी आई तिथेच वाद घालायची, ते सगळं आठवलं असेल. तिथे फुलायला हवं म्हणून सोडा असतो. इथे फुलायला नको आहे, म्हणून सोडा नाही, बेकिंग पावडर नाही, अंडंही नाही. ही कुकी जितकी चपटी तितकी चांगली. जाड झाली की चॉकलेट आणि कुकी वेगवेगळी लागतात.

सोडा नाही याचा एक फायदा. कोको दोन प्रकारचा मिळतो. एक साधा, आंबट, फिकट तपकिरी. दुसरा अल्कली लावून आंबटपणा मारलेला, गडद. डच लोकांची ही युक्ती, व्हान हाउटेननं एकोणिसाव्या शतकात काढलेली. सोडा असलेल्या कृतीत आंबट कोको हवा, नाहीतर सोड्याला काम उरत नाही आणि साबणाची चव येते. आपल्याला सोडाच नाही, त्यामुळे तुला साताऱ्यात जो मिळेल तो चालेल. गडद मिळाला तर रंग छान येईल.

कणीक घालशील तर? चौथा हिस्सा घाल, त्याहून जास्त नको. कोंडा दाताखाली येतो. गूळ अजिबात नको. गूळ हवेतलं पाणी ओढतो आणि दुसऱ्या दिवशी कुकी मऊ पडते. कुरकुरीतपणा हाच या कुकीचा प्राण. जाड साखरही नको, ती भाजताना वितळून पसरते आणि गोल कुकीचा नकाशा होतो. घरी दळलेली पिठीसाखर चाळून घे. तूप घालायचंच असेल तर घाल, पण लोण्यात सोळा-सतरा टक्के पाणी असतं आणि तुपात नसतं, तेव्हा तूप लोण्याच्या चार-पंचमांश घे आणि चमचाभर दूध वाढव. नानकटाईचा खुसखुशीतपणा येईल. या कुकीला मला तरी लोण्याचा खुटखुटीतपणा बरा वाटतो. नेहमीचं पिवळं बटर खारट असतं, ते घेतलंस तर वेगळं मीठ नको.

मळू नकोस. हे मी तुझ्यासाठी मोठ्या अक्षरात लिहायला हवं. मळलं की मैद्याला तार सुटते आणि कुकी चिवट होते. कोकोला तार नसते पण तो ओल पिऊन टाकतो, त्यामुळे पीठ कोरडं, विस्कळीत दिसतं आणि हात आपोआप दुधाच्या भांड्याकडे जातो. थांब. मुठीत दाबून बघ; बेसनाचा लाडू वळताना जसं जेमतेम धरतं तसं धरलं की झालं. मग अर्धा तास फ्रीजमध्ये, आणि दोन बटर पेपरच्या मध्ये ठेवून लाटायचं. वर मैदा भुरभुरलास तर काळ्या कुकीवर पांढरे डाग राहतील. चिकटलंच तर कोको भुरभुर. कापायला स्टीलच्या लहान डब्याचं झाकण उत्तम.

भाजताना खरी पंचाईत अशी की ही मुळातच काळी, कडा तांबूस झाल्या की काढ असं सांगता येत नाही. नाकावर जायचं. आधी लोण्याचा वास येतो, मग चॉकलेटचा. चॉकलेटचा वास स्वयंपाकघराबाहेर पोचला की एखादी कुकी कडेनं बोटानं दाबून बघ. कड घट्ट, मधे किंचित मऊ, असं असताना बाहेर काढ. गरम असताना ती मऊच असणार. कुरकुरीत होते ती गार होताना. "अजून कच्ची आहे" म्हणून परत आत सरकवलीस तर कडू होईल, कोको फार लवकर करपतो. तुझ्या ओटीजीत वरचा रॉड जवळ असतो, तेव्हा मधल्या खाचेत ठेव आणि ट्रे अर्ध्यातून एकदा फिरव.

उरलं चॉकलेट. इथे जानेवारीत माझं काम हवामानच करतं. कोकोबटर सहा वेगवेगळ्या रीतींनी गोठू शकतं, त्यातली एकच आपल्या कामाची, ज्यात चॉकलेट चकाकतं आणि कटकन तुटतं. ती रीत साधायची तर ४५ अंशांपर्यंत वितळवायचं, २७-२८ पर्यंत उतरवायचं, परत ३१-३२ ला आणायचं, आणि थर्मामीटर घेऊन त्याची राखण करायची. चुकलं की दोन दिवसांत वर पांढुरकी राख येते. तू हे करू नकोस. साताऱ्यात मार्चपासून स्वयंपाकघर तसंही तिशीच्या पुढे असणार, आणि खरं चॉकलेट ३४ अंशांना वितळतंच. तू कंपाऊंडची लादी आण. त्यात कोकोबटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं, ते या लाडांशिवाय घट्ट होतं. पुण्यातल्या बेकरीवाल्या मैत्रिणी नाकं मुरडतील की मेणचट लागतं. थोडं लागतं, खरं आहे. पण मूळ थिन मिंटचं आवरणही पाम कर्नल तेलाचंच आहे, तेव्हा या बाबतीत तुझी कुकी माझ्या कुकीपेक्षा जास्त अस्सल ठरेल.

आणि हे मात्र काटेकोर पाळ: पेपरमिंटचं इसेन्स पिठात, पेपरमिंटचं तेल चॉकलेटात. उलट नको. इसेन्स पातळ असतं, त्यात पाणी किंवा अल्कोहोल; वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंब गेला की ते आवळून दगडगोट्यासारखं होतं आणि मग कुकी बुडवायच्या कामाचं राहत नाही. वाफेच्या भांड्यावर वितळवताना झाकणाचं पाणीही पडू देऊ नकोस. तेल चॉकलेटात बिनबोभाट मिसळतं, फक्त गॅसवरून उतरवल्यावर घाल, नाहीतर निम्मा वास तुझ्या एक्झॉस्टमधून शेजारी जाईल. पिठातल्या इसेन्सचाही काही भाग भट्टीत उडतोच; म्हणून तर दोन्हीकडे घालायचं. तेल खाण्याचं असल्याची खात्री करून घे, अगरबत्तीच्या दुकानातलं नको.

चला, आता घे तुझी मापं. बटर ११५ ग्रॅम आणि पिठीसाखर ११० ग्रॅम फेसून घे, फार नाही, एकजीव होईपर्यंत. त्यात अर्धा लहान चमचा व्हॅनिला आणि अर्धा लहान चमचा पेपरमिंट इसेन्स. मग मैदा १४० ग्रॅम आणि कोको ४५ ग्रॅम, एकत्र दोनदा चाळून. लागलंच तर दूध एक-दोन लहान चमचे. तीन मिलिमीटर जाड लाटून पाच सेंटिमीटरचे गोल काप. पन्नासच्या आसपास होतील. १७५ अंशांवर १० ते १२ मिनिटं. पूर्ण गार झाल्यावर, पूर्ण म्हणजे पूर्ण, ३०० ग्रॅम डार्क कंपाऊंड वितळवून त्यात लहान चमचाभर खायचं खोबरेल आणि तीन थेंब पेपरमिंट तेल. काट्यावर कुकी ठेवून बुडव, भांड्याच्या काठावर आपटून जादाचं चॉकलेट गाळ, बटर पेपरवर ठेव. उन्हाळ्यात पाच-दहा मिनिटं फ्रीजमध्ये.

तीन थेंब म्हणजे तीन. तुझा हात सढळ आहे हे सगळ्या साताऱ्याला ठाऊक आहे.

तेलाची बाटली मी पाठवतेय. इथल्या ओळखीच्या एक बाई मार्चमध्ये पुण्याला येतायत, त्या कर्वे रोडला उतरणार. तुझा भाचा जाऊन घेऊन येईल का विचार. परतीच्या बॅगेत त्यांनी अर्धा किलो वजन माझ्यासाठी ठेवायचं कबूल केलंय. कंदी पेढे पाठव, आणि ते खरपूस भाजलेले हवेत, फिकट नकोत. ओळखीच्या बाईंना वाटेत डबा उघडायची सवय आहे, तेव्हा दोरी चांगली आवळ.

सासूबाईंना नमस्कार, पिंट्याला सांग मावशीनं गर्ल स्काउटच्या मुलींचा हिशोबाचा किस्सा त्याच्यासाठीच लिहिलाय. पाढे पाठ कर म्हणावं.

तुझी,
नंदा

ता. क. एक राहिलंच. या कुकीज फराळाच्या डब्याजवळ ठेवू नकोस. मेंथॉल हवेत सुटतं आणि जवळच्या तुपकट पदार्थात जाऊन मुरतं. प्लॅस्टिकचा डबा त्याला अडवत नाही. इथल्या एका मैत्रिणीच्या घरी संक्रांतीचे तिळगूळ आठवडाभर टूथपेस्टसारखे लागत होते. काचेची बरणी किंवा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घे, आणि फ्रीजमधून काढल्यावर लगेच उघडू नकोस, डबा बाहेर वीसेक मिनिटं तसाच राहू दे. नाहीतर कुकीवर दव धरतं, साखर पाझरते आणि तू मला फोन करून म्हणशील की कृतीच धड नव्हती.